दोन तारांवरचं विमान

सकाळी फिरायला निघण्यासाठी मी बूट चढवत होते, तेवढ्यात केतकीचा फोन आला. "मावशी..." म्हणाली आणि थांबली. पुढचं कुठल्या भाषेत बोलायचं हेच तिला सुचत नसावं. मग म्हणाली, "आई चली गई... म्हणजे, आई गेली गं. आत्ता, पहाटे." एक बूट पायात आणि एक हातात अशी मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. शालूताई दवाखान्यात होती, छातीत कफ साठला होता, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. असा फोन कधीही येईल हे ठाऊक होतं. तरी मनात कुठेतरी वाटत होतं, की ही बाई यातूनही काहीतरी वाट काढेल. ती नेहमी काढायची. निम्म्याहून जास्त आयुष्य मी तिला तेच करताना पाहिलं होतं.

भोपाळच्या बागसेवनियातल्या तिच्या घरी माणसं भेटायला येत होती. पुढच्या खोलीच्या छताला टांगलेली लहान लहान विमानं पाहून शेजारच्या एका नव्या बाईंनी मला हळूच विचारलं, "त्या पायलट होत्या का?" मी म्हटलं, "नाही, आम्ही दोघी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो." त्या बाई गोंधळल्या. मीही त्यांना पुढे काही सांगितलं नाही, ती वेळ नव्हती. आता दीड महिना होऊन गेलाय. आता सांगता येईल.

शालिनी वऱ्हाडपांडे मूळची नागपूरची. तिचे वडील सचिवालयात होते. राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा नागपुरातली कितीतरी मराठी कुटुंबं सरकारी कचेऱ्यांबरोबर इकडे आली, त्यात तेही आले. शालूताई इथेच शिकली, आराखडे काढायचा अभ्यासक्रम पुरा करून विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात लागली. मी लग्न होऊन पुण्याहून आले आणि तिच्याच खात्यात रुजू झाले. बरखेड्यात, कारखान्याच्या वसाहतीत, आमची क्वार्टरं लागून होती, मध्ये फक्त अंगणाची बुटकी भिंत. पहिल्याच दिवशी तिनं माझं टेबल दाखवलं आणि म्हणाली, "तू पुण्याची नं? मग बोलणं सरळ आहेच, रेघही सरळ मारत जा." तिच्या बोलण्यात नागपूर अखेरपर्यंत तसंच राहिलं. स्तुती करायला ती फार जड होती. माझ्या एखाद्या ड्रॉइंगवर काही न बोलता ती पुढे सरकली की मी समजून घ्यायचे, चांगलं झालंय.

त्या काळी वसाहतीत सगळ्या गोष्टींचे क्लब होते. नाटकाचा, बागकामाचा, बुद्धिबळाचा. तसाच एक विमानांचा. रविवारी सकाळी काही इंजिनीयर मंडळी बरखेड्याच्या मैदानावर लहान इंजिनं लावलेली विमानं उडवायची. इंजिनाचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू यायचा आणि इंधनाला ईथर आणि एरंडेलाचा असा काही वास असायचा, की मैदानावरून आल्यावर कपडे वेगळे ठेवावे लागत. केतकी तेव्हा लहान होती. तिला दाखवायला म्हणून शालूताई एकदा तिथे गेली, आणि लेक कंटाळून घरी चल म्हणायला लागली तरी आई जागची हलेना.

ही विमानं रेडिओवर चालणारी नव्हेत, हे सांगायला हवं. उडवणारा मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. हातात एक मूठ असते. मुठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बांधलेल्या दोन बारीक तारा थेट विमानाच्या पंखापर्यंत गेलेल्या असतात. मनगट मागे कललं की एक तार ओढली जाते, शेपटीवरची हलती पट्टी उचलली जाते आणि विमान वर चढतं. मनगट पुढे कललं की खाली येतं. बस, एवढंच. पण उडवणाऱ्याला विमानाबरोबर सतत फिरत राहावं लागतं, आणि विमान सतत पळायला बघत असल्यामुळे त्याची ओढ खांद्यापर्यंत जाणवते. पतंगाची ओढ असते तशी, पण जिवंत, इंजिनाची. शालूताई मला नंतर म्हणाली, "मंदा, ते लोक विमान पाहून राहिले होते. मी त्या माणसाचा हात पाहत होती. त्याला काय वाटून राहिलं असेल गं?"

क्लबचे सचिव सक्सेनासाहेब सज्जन गृहस्थ होते. तिनं त्यांच्याकडे मूठ मागितली तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, चक्कर आ जाएगा. गिर पड़ेंगी. और ये इंजन हाथ काट देता है, ये लेडीज़ के बस का नहीं." त्यात तुच्छता नव्हती, काळजीच होती. पण शालूताईला काळजी झोंबली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला हाक मारून तिनं जाहीर केलं, "इंजिन नाही देत नं? नका देऊ. मी विजेच्या मोटरवर उडवीन." माझे यजमान अंगणातच होते. ते म्हणाले, "वहिनी, मोटर चालवायला बॅटरी लागेल. बॅटरीसकट विमान उचलायला मग ट्रक लागेल." सगळे हसले. तीही हसली, आणि म्हणाली, "बॅटरी विमानात कशाला? तारा आहेत नं दोन. वीज त्यातूनच पाठवायची."

हे बोलायला सोपं होतं... करायला तिला वर्ष-दीड वर्ष लागलं.

पहिली अडचण लाकडाची. विमानाला लागतं ते हलकं लाकूड क्लबवाल्यांकडे बाहेरून यायचं, मोजकं. शालूताईला आठवलं ते लग्नातलं बाशिंग. बाशिंगाला वापरतात ते भेंड, पाण्यातल्या झुडपाचं पांढरं, स्पंजासारखं काष्ठ. नागपूरच्या मामांकडून तिनं भेंडाच्या कांड्या मागवल्या, ब्लेडनं त्यांचे काप काढले, बांबूच्या कामट्यांवर ते चिकटवले आणि वरून पतंगाचा कागद ताणून लावला. पंख तळहातावर ठेवला तर ठेवल्यासारखा वाटायचा नाही. मोटर एका मोडक्या, सेलवर चालणाऱ्या छोट्या पंख्यातली होती. आणि वीज टॉर्चच्या सेलांची. पण सेल जमिनीवर ठेवले तर उडवणारा फिरला की वायरींचा पीळ पडणार. मग सेल उडवणाऱ्याबरोबरच फिरायला हवेत. तिनं जुन्या कॅनव्हासचा एक पट्टा शिवला, त्याला ओळीनं खिसे केले, प्रत्येक खिशात एक सेल. साडीचा पदर खोचून, वरून तो पट्टा कमरेला आवळून ती अंगणात उभी राहिली तेव्हा मधुकरराव, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले, "चंबळच्या खोऱ्यात निघालीस का?" तिनं लक्ष दिलं नाही.

दुसरी अडचण चक्कर येण्याची. त्यावर तिचा उपाय आम्ही सगळ्यांनी पाहिला. रोज ऑफिसातून आल्यावर ती दोरीला रिकामी बाटली बांधायची, बाटलीला लाल रिबन, आणि ती बाटली गरगर फिरवत स्वतः अंगणात फिरायची. सुरुवातीला दोन-चार फेऱ्यांतच भिंत धरायची, ओकारी दाबायची, पुन्हा उभी राहायची. समोरच्या क्वार्टरमधल्या एका आजींनी मला कळवळून विचारलं, "तिच्या अंगात येतं का गं?" मी तिला म्हटलं, "शालूताई, पुरे कर. पांढरी पडलीयेस." ती भिंतीला टेकून म्हणाली, "कळलं मला आता. मी घरांकडे पाहत होती, म्हणून चक्कर येते. बाटलीकडेच पाहिलं नं, तर ती जागच्या जागी असते. घरंच फिरतात. फिरू दे त्यांना." पंधरवड्यात ती मजेत फिरायला लागली.

क्लबचा वार्षिक मेळा थंडीत असायचा. तिनं नाव दिलं. सक्सेनासाहेबांनी मन मोडवेना म्हणून तिला जेवणाच्या सुट्टीतली वेळ दिली, जेव्हा लोक पुऱ्या-भाजीच्या रांगेत असतात. विमान सोडायला मी होते. मी हात सोडला, मोटर फिरली, विमान गवतावरून खुरडत निघालं आणि उचललंच नाही. अर्धी फेरी जमिनीवर घासून थांबलं. लोक वळून बघायला लागले. तिनं खूण केली, पुन्हा. या वेळी मी ते उचलून, पळत पळत सोडलं. ते वर गेलं... एक क्षण खरंच गेलं, आणि मग एक तार ताणून लांब झाली. तारा तांब्याच्या होत्या. तांबं ओढ सोसत नाही. शेपटीची पट्टी वाकडी झाली, विमान सरळ उभं चढलं, पाठीवर वळलं आणि नाकावर आपटलं. भेंडाचा भुगा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या कसल्या होत्या ते सगळ्यांना कळलं.

परत येताना मधुकरराव क्वार्टरच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "बस झालं आता, शालिनी. लोक हसून राहिले."

"हसू द्या ना," ती म्हणाली. "हसण्यानं पंख नाही तुटला. तार ताणली म्हणून तुटला. अहो, पोलादाची घ्यायला पाहिजे होती."

पोलादाची तार ओढ सोसायची, पण तिच्यातून वीज पुढे जाताना वाटेतच कमी व्हायची. मोटर नुसती कण्हायची. तिनं मोटर उघडली, तिच्यावरचं तांबं सोडवलं आणि त्याहून बारीक तारेचे जास्त वेढे हातानं घातले, म्हणजे जास्त सेल लावले तरी मोटर जळणार नाही आणि तारेत वीज कमी खर्ची पडेल. पहिली मोटर धूर काढून संपली. दुसरीचं वेटोळं सैल निघालं. तिसरीच्या वेळी मी तिच्या शेजारी बसून वेढे मोजत होते आणि माझी मोजणी चुकली, तर तिनं न रागावता सगळं सोडवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मे महिना होता, कूलरची जाळी सुकली होती, तिच्या कपाळावरचा घाम नाकावरून टपकायचा आणि ती तो तारेवर पडू नये म्हणून मान वळवायची. एके दिवशी मधुकरराव ऑफिसातून आले ते हातात पुडकं घेऊन. टॉर्चचे नवे सेल. टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "जास्त लागणार म्हणत होतीस." एवढंच. शालूताईनं वर पाहिलं नाही, पण त्या दिवशी चहा तिनं केला. एरवी संध्याकाळचा चहा तेच करायचे.

ते विमान उडालं त्या सकाळी मैदानावर आम्ही चौघंच होतो. ती, मधुकरराव, केतकी आणि मी. पुढच्या थंडीची सुरुवात होती, गवतावर दव होतं. मी हात सोडला. विमान धावलं, आणि मग चाकांचा आवाज थांबला. तो थांबला म्हणून मला कळलं की ते वर आहे. इंजिनाचा तो कान फाडणारा आवाज मला सवयीचा होता, आणि हे विमान नुसतं गुणगुणत होतं. तारा हवा कापत होत्या, त्यांची शीळ ऐकू येत होती. मधोमध शालूताई फिरत होती, कमरेला पट्टा, पदर खोचलेला, डोळे विमानावर. केतकी ओरडत होती, "आई, उड़ गया! उड़ गया!" मी ओरडले का ते आठवत नाही. सेल उतरले तशी मोटर मंदावली आणि विमान अलगद गवतावर आलं. शालूताई थांबली, मूठ तशीच हातात. आम्ही धावत गेलो. ती म्हणाली, "ओढतं गं ते... खरंच ओढतं." तिचे डोळे भरले होते. तिला मी तसं पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगारांनी आवाजाची तक्रार केली, आणि इंजिनाची विमानं उडवायला वसाहतीत बंदी आली. तक्रार चुकीची नव्हती. क्लब जवळजवळ बंद पडला. मग एका रविवारी सक्सेनासाहेब शालूताईच्या क्वार्टरवर आले. बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, "मॅडम, वो आपकी मोटर... हमको भी सिखाइए." शालूताई आत गेली. मला वाटलं, आता ही काहीतरी टोचून बोलणार. ती मोटर, ब्लेड आणि भेंडाच्या कांड्या घेऊन बाहेर आली आणि टेबलावर मांडून म्हणाली, "बैठिए. पहले ये छीलना सीखिए." पुढे कित्येक वर्षं बरखेड्यात विमानं उडाली ती विजेवर, आणि उडवणाऱ्यांच्या ओळीत बायका असायच्या. मीही शिकले, पण माझा जीव सोडण्यातच रमायचा. विमान हातातून निघतानाचा तो झटका मला पुरे व्हायचा.

वर्षं अशीच गेली. आम्ही दोघी निवृत्त झालो. मी अवधपुरीत घर बांधलं, तिनं बागसेवनियात. मधुकरराव गेले. त्यांच्या तेराव्यानंतर महिनाभर ती मैदानावर आली नाही, आणि आली तेव्हा कमरेचा पट्टा न बांधता आली. आता नव्या, हलक्या बॅटऱ्या निघाल्या होत्या, काडेपेटीएवढ्या, विमानाच्या पोटात बसणाऱ्या. "सेल आणून देणारा माणूस गेला," ती म्हणाली, "आता पट्टा नाही पाहिजे." सत्तरीच्या आसपास तिनं नवी मोटर, नवी बॅटरी, वेग ठरवणारी छोटी चकती, सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतलं.

मग हात थरथरायला लागला. उजवाच, मुठीचा. आधी तिनं कुणाला सांगितलं नाही. चहाचा कप ती डाव्या हातात घ्यायला लागली तेव्हा मला शंका आली. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही, वाढत जाईल. त्या आठवड्यातच ती मैदानावर आली. मी विमान सोडलं आणि ते लाटांवर असल्यासारखं वर-खाली, वर-खाली हिसके खात गेलं. तिच्या हाताची प्रत्येक थरथर तारांमधून शेपटीपर्यंत पोचत होती. दुसऱ्या फेरीत जमिनीत घुसलं. ती तिथेच वर्तुळाच्या मध्यावर खाली बसली. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "शालूताई, खूप उडवलंस. आता बघत बसू आपण, दुसरे उडवतील."

ती तारा गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "हात ऐकणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. विमान ऐकणार नाही, असं नाही सांगितलं त्यानं."

पुढचे काही महिने तिनं एक उलटं काम केलं. जन्मभर तिनं विमानं चपळ केली होती, मनगट जरा हललं की वळणारी. आता तिला मंद विमान हवं होतं. मुठीवरच्या तारा तिनं एकमेकींच्या जवळ आणल्या, म्हणजे मनगट बरंच हललं तरी तार थोडीच ओढली जाईल. शेपटीची पट्टी लहान केली. नाकात शिशाचा तुकडा भरला, म्हणजे विमान आपल्या रस्त्यानं नीट जाईल. हे सगळं थरथरत्या हातांनी. डिंकाचा थेंब भलतीकडे पडायचा, ती पुसायची, पुन्हा लावायची. मी मदतीला हात पुढे केला की म्हणायची, "तू धरून ठेव फक्त. लावीन मी." ते विमान कोलांट्या मारू शकत नव्हतं, उंचही जात नव्हतं. पण ते सरळ उडालं. हात थरथरत होता आणि विमान स्थिर होतं. मी दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होते.

पण आजार फक्त हाताचा नव्हता. कंपवाताच्या माणसाला सगळ्यात अवघड काय, तर वळणं. चालताना पाय ठीक पडतात, वळायचं म्हटलं की जमिनीला चिकटतात. आणि हिचा सगळा खेळच वळण्याचा. एका सकाळी विमान हवेत असताना तिचे पाय अडले, विमान पुढे गेलं, तारेनं तिला ओढलं आणि ती पडली. मनगट मोडलं. केतकी तेव्हा तिच्याजवळ राहायला आली होती. तिनं सगळी विमानं मागच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. मी गेले तेव्हा मायलेकींत बोलणं बंद होतं. केतकी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि रडायला लागली. "मावशी, तूच समझाव तिला. कमरेचं हाड मोडलं असतं तर? मी ऑफिसला जाऊ का तिच्यावर पहारा ठेवू? एका खेळासाठी?"

मला दोघींचं पटत होतं. मी बाहेर शालूताईजवळ येऊन बसले. शालूताईनं प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवला होता. ती लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "केतकी, इकडे ये. ऐक. तू म्हणतेस पडशील. बरोबर आहे, मी पडीन. उभी राहून नाही उडवत मी आता. बसून उडवीन."

"बसून कशी फिरशील?"

"फिरती खुर्ची असते नं ऑफिसात?"

केतकी म्हणाली, "और पैर? पायांनीच ढकलावी लागते ना ती? पाय तर अडतात तुझे."

"हो," शालूताई म्हणाली. "ते राहिलंय. त्याचा विचार करून राहिली मी."

केतकीनं मग पदरानं, म्हणजे ओढणीनं, नाक पुसलं आणि चिडूनच म्हणाली, "मी ढकलीन. दुसरं कोण आहे?"

हात बरा व्हायला वेळ लागला. तोवर खुर्ची तयार झाली. चाकं काढून तिचा दांडा एका जाड, रुंद फळीवर पक्का केला, कमरेला पट्टा लावला, पाय ठेवायला आडवी पट्टी. मैदानावर ती मांडली तेव्हा केतकी पाठीमागे उभी राहिली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. इतक्या वर्षांत तिनं कधी विमानात रस घेतला नव्हता. लहानपणी ओरडली तेवढीच. शालूताई म्हणाली, "माझ्याकडे नको पाहू. घरांकडे नको पाहू. विमानाकडे पाहत राहा आणि त्याच्यासोबत चाल." मी विमान सोडलं. पहिल्या फेरीत केतकी मागे राहिली आणि तार तिरकी ओढली जाऊ लागली. "चल, चल!" शालूताई ओरडली. केतकीनं पावलं उचलली. दुसऱ्या फेरीत जमलं. मग त्या दोघी फिरत राहिल्या, आई बसलेली, लेक तिच्या मागे झरझर चालणारी, दोघींची तोंडं एकाच दिशेला. विमान खाली उतरल्यावर केतकीला चक्कर आली आणि ती गवतात बसकण मारून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "आई, हे असं वाटतं? इतकी साल तू सांगितलं का नाहीस?" शालूताई म्हणाली, "सांगून कळते का ते?"

अशा त्या दोघी कितीतरी रविवार उडाल्या. गेल्या पावसाळ्यानंतर शालूताईचं बोलणं अगदी बारीक झालं, गिळायला त्रास व्हायला लागला, मग छातीचं दुखणं. दवाखान्यात मी तिला भेटले तेव्हा तोंडावर मास्क होता. बोलता येत नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. माझ्या हातात तो थरथरत होता, आणि मला उगाच वाटलं, ती काहीतरी धरून ठेवायला बघतेय. मी म्हटलं, "शालूताई, बरी हो, थंडी आली." तिनं डोळ्यांनी मला दटावलं. खोटं बोललेलं तिला कधी आवडायचं नाही.

तेरावा झाल्यावर केतकीनं मला शालूताईच्या खोलीत नेलं. खिडकीशी टेबल, टेबलावर एक विमान. पंख झाला होता, एका बाजूला निळा कागद लागला होता, दुसरी बाजू उघडी, आतल्या भेंडाच्या फासळ्या दिसत होत्या. नव्या जमान्यातही पंखाला ती भेंडच वापरायची. केतकी म्हणाली, "याचं काय करायचं? कुणाला देऊन टाकायचं?" मी पंख उचलून पाहिला. डिंक जिथे भलतीकडे गेला होता तिथे तो पुसल्याच्या खुणा होत्या, जागोजागी, नीट पुसलेल्या. मी म्हटलं, "कागद कुठे ठेवलाय बघ." मग रोज संध्याकाळी अवधपुरीहून मी जायचे, केतकी ऑफिसातून यायची आणि आम्ही कागद लावत बसायचो. आमच्या बाजूला सुरकुत्या पडल्या. शालूताईची बाजू ढोलासारखी ताणलेली, आमची सुरकुतलेली, तरी आम्ही तो पंख तसाच बसवला.

मागच्या रविवारी मैदानावर गेलो. खुर्ची नेली नाही. केतकीनं उभं राहून मूठ हातात घेतली, पहिल्यांदाच. मी पुढे जाऊन विमान धरलं. तिनं मान हलवली, मी सोडलं. विमान चढलं, एक फेरी गेली, दुसरी गेली, केतकी नीट फिरत होती, डोळे विमानावर. मग तिनं मनगट जरा जास्तच मागे घेतलं. विमान वर उसळलं, घाबरून तिनं ते खाली घेतलं, आणि ते गवतात नाकावर आपटलं.

आम्ही दोघी धावत गेलो. पंख शाबूत होता. मोटरवरचा पुढचा पंखा तेवढा मोडला होता, एक पातं उडालं होतं. केतकीनं विमान उलटं धरून मोटर बोटानं फिरवून पाहिली. फिरत होती. गवताची काडी अडकली होती ती तिनं नखानं काढली.

"मावशी," ती म्हणाली, "दुसरा पंखा आहे ना?"

मी पिशवीत हात घातला.